पांढऱ्या शर्टावरचा तपकिरी डाग: इस्त्रीचा चटका की दुसरंच काही?

मार्च ते जून म्हणजे आमच्या सोलापुरात गणवेशाचा हंगाम. पूर्व भागातल्या कुठल्याही बोळातून जा, शिलाई मशीनचा आवाज आणि वाफेवरच्या कापडाचा वास येतोच. मी १८ वर्षं फिनिशिंगला आहे. शिवून आलेल्या पीसचे धागे कापायचे, तपासायचा, इस्त्री करायची, घडी घालून पिशवीत भरायचा, हे माझं काम. आणि दर हंगामात एक तक्रार फिरून फिरून येते: "पांढऱ्या शर्टावर तपकिरी डाग पडलाय, इस्त्रीवाल्यानं भाजला." नात्यातल्या बायकाही हेच विचारतात, फक्त त्यांच्याकडे शर्टाऐवजी पांढरी साडी असते, नाहीतर मुलाचा कुर्ता.

माझं प्रत्येकाला पहिलं सांगणं असतं की डागावर लगेच काही ओतू नका. आधी तो कशाचा आहे ते ओळखा. चटक्यावर जे औषध चालतं ते गंजावर विष ठरतं, म्हणून हे म्हणते. सुती कापडावरचा हलका चटका हायड्रोजन पेरॉक्साइडनं जातो. तेच पेरॉक्साइड गंजाच्या डागावर पडलं, तर लोखंडाच्या संगतीनं ते भलतंच जोरात काम करतं आणि त्या जागचा सुती धागा कुजवतं. तेव्हा कळत नाही, दोन धुण्यांनंतर तिथं भोक दिसतं. साधं क्लोरीनचं ब्लीच ओतलंत तर गंज जात तर नाहीच, उलट जास्त घट्ट बसतो. बरेचसे शर्ट डागानं वाया जात नाहीत, डाग काढताना जातात.

ज्या लॉटनं मला हे शिकवलं

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका युनिटमध्ये होते. मे महिना, पारा ४३ च्या घरात, शाळा उघडायला महिनाही उरला नव्हता. पांढऱ्या शर्टांच्या एका लॉटमध्ये रोज पाच-सहा पीस तपकिरी डागांचे निघायला लागले. प्रेसवर एक वयस्कर मामा होते, हात अतिशय स्वच्छ. मालकांनी डाग बघितले, "भाजलेत" म्हणाले आणि मामांच्या आठवड्याच्या पैशांतून शर्टांची किंमत कापली. दुसऱ्या आठवड्यात परत कापली.

मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "अक्का, माझी इस्त्री मधल्या, दोन ठिपक्यांच्या खुणेवरच होती ओ. एवढ्यावर भाजंल कसं?"

तोवर मीही ते डाग नीट बघितले नव्हते. रिजेक्टच्या गठ्ठ्यातून सहा शर्ट काढून दारातल्या उजेडात नेले. डाग गोल होते, मसुराएवढे, कडेला जरा गडद आणि मध्ये फिकट. एकही डाग इस्त्रीच्या टोकाच्या किंवा कडेच्या आकाराचा नव्हता. पिक ग्लास, म्हणजे धागे बघायचं भिंग, लावून पाहिलं तर धागे शाबूत होते, वरचं बारीक लवसुद्धा जागेवर होतं, रंग फक्त धाग्यांच्या मधल्या फटीत साचला होता. इस्त्रीचा चटका असा नसतो. तव्यावरच्या भाकरीसारखं, जिथं जास्त टेकलं तिथं जास्त लागतं. म्हणजे आधी वरच्या बाजूचे उठलेले धागे करपतात, फटीतलं कापड शेवटी.

दुपारच्या डब्यात लिंबाची फोड होती. एका डागावर पिळली, वर चिमूटभर मीठ टाकलं आणि शर्ट दारासमोरच्या तारेवर उन्हात टाकला. अर्ध्या तासानं डाग अर्धा फिका झाला होता. भाजलेलं कापड लिंबानं असं झरझर उतरत नाही. गंज उतरतो.

मग पीसवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या. डाग पडलेले सगळे शर्ट सकाळच्या पहिल्या गठ्ठ्यातले होते. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा छोट्या बॉयलरमध्ये बोअरचं पाणी भरलं जायचं. रात्रभर बॉयलर आणि लोखंडी पाइप थंड पडायचा, आत गंज धरायचा, आणि सकाळची पहिली वाफ तो गंज पाण्याच्या थेंबांतून इस्त्रीच्या भोकांवाटे शर्टावर सोडायची. मी मालकांना समोर उभं करून सकाळची पहिली वाफ जुन्या टॉवेलवर सोडायला लावली. टॉवेल तपकिरी झाला. मामांचे पैसे परत मिळाले. पण ते दोन आठवडे घरी त्यांना कसे गेले असतील, ते मी त्यांना विचारलं नाही.

तेव्हापासून डाग हातात आला की मी पहिल्यांदा "कोणी केला" असं विचारत नाही. "कधी दिसला" हे विचारते. धुऊन आल्यावर? इस्त्री टेकल्या टेकल्या? घडी घातल्यावर? की पिशवीत महिनाभर राहिल्यावर? निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

खरा चटका कसा ओळखायचा

सुती कापड वितळत नाही, करपतं. आधी फिकट पिवळं, मग भाकरीच्या पापुद्र्यासारखं तपकिरी, मग काळं. डागाला इस्त्रीचा आकार असतो: टोक, कड, किंवा वाफेच्या भोकांची नक्षी. शिवणीवर, खिशाच्या कडेवर, बटणपट्टीवर म्हणजे जिथं कापड जाड आणि उंच आहे तिथं तो जास्त गडद दिसतो. ताजा असेल तर करपट वास येतो. नखानं हळू खरवडून बघा. नुसता पिवळेपणा असेल तर धागा धरून राहतो, खोल भाजला असेल तर तपकिरी भुसा नखात येतो. भुसा आला की ते कापड परत येणार नाही, उगाच औषधं करू नका.

गणवेशाचं कापड मात्र बहुतेक वेळा पॉलिस्टर आणि कॉटनचं मिश्रण असतं, आणि पॉलिस्टरची गोष्ट वेगळी. ते साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडून चपटं व्हायला लागतं. म्हणून त्याचा चटका आधी रंगानं दिसत नाही, स्पर्शानं कळतो. बोट फिरवलं तर ती जागा गुळगुळीत, ताठ, काचेसारखी लागते. हे कोणत्याही औषधानं जात नाही.

इस्त्रीवरचे ठिपके लोक बघतच नाहीत, म्हणून सांगते. एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. मिश्र कापडाला दोन, निव्वळ सुतीला तीन. मिश्रणात नेहमी नाजूक धाग्याचं ऐकायचं.

इस्त्री बरोबर, तरीही टेकवल्यावर डाग उमटला

घरच्या तक्रारींत हा प्रकार सगळ्यात जास्त, आणि यात इस्त्रीवाल्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. शर्ट धुऊन आला तेव्हा पांढराशुभ्र होता, इस्त्री फिरवली आणि तपकिरी ठिपके उमटले. मग भाजला नाही तर काय?

बघा, उन्हाळ्यात मुलानं उसाचा रस सांडलेला असतो, नाहीतर सरबत, नाहीतर आंब्याचा हात पुसलेला असतो. पाण्यातून नुसता बुचकळून काढला की रंग जातो, पण साखर धाग्यात राहते. ती दिसत नाही. इस्त्रीच्या उष्णतेनं तिचं तेच होतं जे कढईत साखर तापवल्यावर होतं. अशा डागाचा आकार शिंतोड्याचा किंवा ओघळाचा असतो, छातीवर किंवा बाहीच्या टोकाला असतो, आणि तिथं कापड किंचित ताठ लागतं. कोमट पाण्यात तासभर भिजवा, साबण लावा, परत धुवा. पहिल्याच वेळी लक्षात आलं तर बहुतेक जातो. परत परत इस्त्री करून बसवलेला मात्र हट्टी होतो.

दुसरं कारण म्हणजे धुण्याचा सोडा. धुण्याची पावडर नीट खळबळून निघाली नाही तर तिचा खार कापडात राहतो आणि गरम इस्त्रीखाली पिवळी झाक देतो, बहुतेक कॉलर, कफ आणि शिवणींच्या जाड भागात. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, त्यात पाणी जपून वापरायची सवय, त्यामुळे शेवटचं खळबळणं आखडतं होतं. शेवटच्या बादलीत दोन-तीन चमचे पांढरं व्हिनेगर टाकून बघा. ही झाक डागासारखी ठिपक्यांत नसते, मळल्यासारखी पसरलेली असते.

कांजीचंही असंच. खळ जास्त झाली की कापडाच्या आधी खळच करपते, आणि तिचा थर इस्त्रीच्या तळाला चिकटून पुढच्या दहा कपड्यांना लागतो. पुढच्या दहांवरचे ते डाग भाजल्याचे नसतात, जळलेल्या खळीचे असतात. ते वर बसलेले असतात, ओल्या फडक्यानं आणि साबणानं निघतात. इस्त्री पूर्ण थंड करून तळाला खाण्याच्या सोड्याची लेई चोळा आणि ओल्या फडक्यानं पुसून काढा. गरम तळावर तापाची गोळी घासायची पद्धत खूप ठिकाणी आहे. थर निघतो, पण तो धूर नाकात जातो. खिडकी नसलेल्या खोलीत दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला मी तरी ते करू देत नाही.

आणि ब्लीच. न सुरकुतणारं सुती म्हणून जे कापड मिळतं, त्यावरचं फिनिश क्लोरीन धरून ठेवू शकतं. ब्लीचमध्ये घातलेला असा शर्ट इस्त्रीखाली पिवळा पडतो आणि कमजोरही होतो. हा खराच बिघाड आहे, पण दोष ब्लीचचा. धुलाईवाले ब्लीचनंतर हायपोच्या, म्हणजे उरलेलं क्लोरीन मारणाऱ्या रसायनाच्या, पाण्यातून कापड काढतात ते यासाठीच.

पिशवीत पिवळा पडलेला माल

यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण व्यापारी आणि कारखानदार यांची भांडणं यावरून होतात. माल पांढराशुभ्र पाठवला, दीड-दोन महिन्यांनी खोकं परत आलं, सोबत चिठ्ठी: "प्रेसिंग खराब, घड्यांवर भाजले आहे." उघडून बघितलं तर खरंच घड्यांच्या कडांवर पिवळ्या पट्ट्या, आतला भाग स्वच्छ. घडीवर इस्त्री जास्त टेकते, त्यामुळे कुणालाही भाजल्यासारखंच वाटतं.

पण रंगाकडे नीट बघा. चटका तपकिरीकडे झुकतो, हा पिवळा लिंबासारखा असतो. आणि भाजलं असतं तर पाठवतानाच दिसलं असतं, चटका पिशवीत पिकत नाही.

याला कापडवाल्यांच्या भाषेत फिनॉलिक यलोइंग म्हणतात. प्लास्टिकच्या पिशव्या टिकाव्यात म्हणून त्यात काही वेळा बीएचटी नावाचं रसायन घातलेलं असतं. ते पिशवीतून कापडावर येतं. हवेत नायट्रोजनचे ऑक्साइड असले, म्हणजे जनरेटरचा, टेम्पोचा किंवा गॅसच्या ज्योतीचा धूर असला, की त्या दोघांतून पिवळा रंग तयार होतो. हवा घडीच्या कडेपर्यंतच पोचते, म्हणून कडा पिवळ्या आणि पोट पांढरं. कापडात खार राहिला असेल आणि हवा दमट असेल तर हे लवकर होतं. गोदामाच्या दारात माल उतरवताना टेम्पो चालू ठेवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे, त्याचा हिशेब इथं द्यावा लागतो.

ओळखायला सोपं आहे. एक शर्ट पिशवीतून काढून दिवसभर उन्हात ठेवा. सोलापूरचं ऊन याबाबतीत उपकारच करतं, पिवळेपणा उतरतो. पट्टीवर व्हिनेगरचं पाणी लावलं तरी तो फिका होतो. चटका असा जात नाही. पण उतरला म्हणून त्याच पिशवीत परत भरू नका, पुन्हा येईल. पिशवी घेताना बीएचटी नसलेली मागा आणि शेवटच्या धुण्यात कापड किंचित आंबटाकडे ठेवायला सांगा. मोठी ऑर्डर असेल तर कापड आणि पिशवी दोन्हींची तपासणी करून घेता येते, तिचं मानक आयएसओ १०५-एक्स१८. तपासणीचा कागद हातात असला की इस्त्रीवाल्याचं नाव मध्ये येत नाही.

थोडक्यात आटोपते असे काही प्रकार

गडद निळ्या किंवा काळ्या पँटवर चकाकी आली की लोक "जळाली" म्हणतात. बहुतेक वेळा धागे नुसते दबलेले असतात. वाफ द्या, न टेकवता, आणि मऊ ब्रशनं उलट्या बाजूनं फिरवा. चकाकी गेली तर धागे दबले होते. ती जागा ताठ आणि गुळगुळीतच राहिली तर पॉलिस्टर वितळलं आहे. पुढच्या वेळी उलट्या बाजूनं किंवा वर कापड टाकून इस्त्री करा.

कॉलर-कफवर तेलकट, अर्धपारदर्शक ठिपके दिसले तर ते फ्यूजिंगचा, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत चिकटवलेल्या कापडाचा, गोंद वर आल्याचे. फ्यूजिंग मशीनचं तापमान किंवा दाब जास्त झाला असणार. प्रेसच्या टेबलावर कारण शोधू नका.

खाकी किंवा बदामी कापड इस्त्रीखाली लालसर झालं तर घाबरू नका. काही रंग गरम झाल्यावर बदलतात आणि थंड होऊन हवेतली ओल घेतली की परत येतात. तासभर थांबा आणि मगच निकाल द्या.

यंत्रमागाचं किंवा शिलाई मशीनचं तेल जुनं झालं की पिवळट तपकिरी दिसतं. हा डाग ताग्याच्या लांबीच्या दिशेनं किंवा शिवणीच्या रेषेत जातो. इस्त्री अशी सरळ रेष ओढत नाही.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरताना उडालेला थेंब मात्र गंभीर. बॅटरीत गंधकाचं आम्ल असतं. सुती कपड्यावर बारीक थेंब पडला तर तेव्हा काही दिसत नाही, आणि इस्त्रीची उष्णता लागली की ती जागा काळपट तपकिरी होऊन चुरते. दिसायला हुबेहूब ठिणगी पडल्यासारखं. ठिपके कमरेच्या आसपास विखुरलेले असतील तर आठवून बघा. बॅटरीजवळ गेला असाल तर कपडा काढून लगेच भरपूर पाण्यात, मग सोड्याच्या पाण्यात घाला. इस्त्रीपर्यंत वाट बघू नका.

आपल्या चादरीचंही विचारतात. चादरीला इस्त्री कुणी करत नाही, तिथं प्रश्न भोकांचा असतो. उदबत्तीची किंवा बिडीची ठिणगी सुती चादरीवर पडली तर भोकाची कड काळी होते आणि चोळल्यावर राख होते. कड कडक मण्यासारखी गोळा झाली असेल तर चादरीत सिंथेटिक धागा आहे, विकताना काहीही सांगितलेलं असो. आणि कड स्वच्छ, कुरतडल्यासारखी, कुठेही काळेपणा नसेल तर ती कसर. पेटी उन्हात टाका.

चटका खरा असेल तर

पांढरं सुती असेल आणि धागा शाबूत असेल तरच पुढचं करा. आधी लिंबाचा एक थेंब टाकून गंज नाही याची खात्री करा आणि लिंबू पूर्ण धुऊन काढा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पांढरं फडकं भिजवून डागावर ठेवा, वर कोरडं फडकं, आणि कोमट इस्त्री थोडा वेळ फिरवा. फडकं सुकलं की परत ओलं करा. दोन-तीन वेळा केल्यावर हलका डाग फिका होतो, मग भरपूर पाण्यानं धुवा. रंगीत कापडावर आधी आतल्या शिवणीवर करून बघा. लोकर आणि रेशमावर गरम इस्त्रीसकट हे करू नका.

लिंबू किंवा व्हिनेगर आणि क्लोरीनचं ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. धुलाईवाले गंजाला ऑक्झॅलिक आम्ल वापरतात. ते विषारी आहे, पोरंबाळं असलेल्या घरात आणूच नका, लिंबू-मीठ-ऊन पुरतं.

कारखान्यात पाळायच्या गोष्टी फार नाहीत. संध्याकाळी बॉयलरचं तळातलं पाणी सोडून द्या, शक्यतो जड पाणी भरू नका, मिश्र कापडाला इस्त्रीच्या तळाला टेफ्लॉनचा बूट, म्हणजे आवरण, लावा. डागाचा पीस निघाला की त्यावर चिठ्ठी लावा: वेळ, टेबल, कापडाचा लॉट. हंगामभर चिठ्ठ्या एका वहीत चिकटवा. पैसे कापायच्या आधी ती वही उघडा.

मामा आता माझ्याच टेबलावर आहेत. रोज सकाळी पहिल्या शर्टाच्या आधी ते एका जुन्या टॉवेलवर दोन मिनिटं वाफ सोडतात, उजेडाकडे धरून बघतात, आणि पांढरी वाफ आली की मला हाक मारतात, "अक्का, गठ्ठा द्या."